पाव फेरा

रात्री नऊला, दात घासून झाले की
माइते स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली मान मागे टाकते
आणि मी तिच्या तोंडात किल्ली घालतो.

खेळण्यातल्या मोटारीची असावी एवढीशी किल्ली.
टाळूला चिकटून बसलेल्या पोलादी कोळ्याच्या पोटात
एक बारीक भोक; त्यात अडकवायची,
पुढून मागे ढकलायची, घशाच्या दिशेने.
पाव फेरा. पाव मिलिमीटर.
तालकाउआनोच्या धक्क्यावर मी तीस टनांचा कंटेनर
दोन बोटांनी उचलतो, ट्रकवर टेकवतो,
आत बसलेल्या ड्रायव्हरची कॉफी सांडत नाही.
इथे हात थरथरतो.

डॉक्टर ओयार्सून यांनी आधी फोटो काढले,
समोरून, बाजूने, मग हसून.
माइते हसली नाही.
मग मनगटाचा एक्स-रे.
दुखणं तोंडात आणि फोटो मनगटाचा?
त्या म्हणाल्या, वाढ किती उरलीय
ते हाडं मनगटात लिहून ठेवतात.

वरचा जबडा अरुंद आहे.
खालचा त्यात नीट मिटत नाही, म्हणून तो वाट काढतो,
आणि हनुवटी डावीकडे सरकते.
एवढंच होतं.
चार वर्षं मी समजत होतो
पोरगी हट्टाने तोंड वाकडं करते.
एकदा पाहुण्यांसमोर खेकसलोही होतो.

सुळ्याला जागाच नाही. दुधाचा दात पडून
उशीखालचा उंदीर तो घेऊन गेला, नाणं ठेवून गेला,
तरी हा वर हिरडीतच थांबलेला,
धक्का मोकळा होईपर्यंत
बाहेर नांगर टाकून बसलेल्या जहाजासारखा.

टाळू एकसंध नसते, मला ठाऊक नव्हतं.
मधोमध एक शिवण असते, कच्च्या टाक्यांची.
माइते तान्ही असताना तिची डोक्यावरची टाळू
माझ्या तळव्याखाली धडधडायची;
भरली एकदाची, तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला.
आणि ही दुसरी, तोंडाच्या छतातली,
इतकी वर्षं कुणाला न सांगता उघडीच.

दहाव्या दिवशी सकाळी
पटाशीच्या दोन दातांमध्ये फट.
काडेपेटीची काडी जाईल एवढी.
मी क्रेनच्या केबिनमधूनच फोन लावला,
म्हटलं, मोडलं काहीतरी माझ्या हातून.
पलीकडून डॉक्टर हसल्या:
शिवण उसवली, दोन आल्मोनासिद. अभिनंदन.
आता मध्ये नवं हाड भरेल, दात आपले आपण जवळ येतील.
माइते त्या फटीतून दिवसभर शिट्टी वाजवत राहिली.
बाईंची चिठ्ठी आली घरी.

नेल्दा माशांच्या कारखान्यात रात्रपाळीला असते.
पहाटे येते, बोटांना जुरेलचा वास.
तिचे दोन सुळे बाकीच्यांच्या अंगावर चढलेले,
त्यामुळे ती हसते ती हाताआड.
माइते बोलायच्या आधी हे शिकली.
ते कुठल्या एक्स-रेत दिसलं नाही.

त्या पहाटे कोट न काढताच म्हणाली, विजेरी आण. बघ माझं.
लग्नाला चौदा वर्षं झाली;
त्या तोंडात मी पहिल्यांदाच डोकावत होतो.
अरुंद, उंच, एखाद्या जुन्या चॅपेलच्या छतासारखं.
लेकीचंच छत.
माझी उसवेल?
मी डॉक्टरांचं ऐकलेलं सांगितलं:
वय झालं की शिवण दगड होते, मग करवत लागते.
ती थोडा वेळ जिभेने टाळू चाचपत राहिली.
म्हणाली, करवत काय, आमच्याकडे सहा आहेत,
एक मी उद्या घेऊन येते,
आणि हसली,
आणि हात वर गेलाच.

अठ्ठावीस फेरे झाले. डॉक्टरांनी स्क्रूवर
पांढरा थेंब टाकून तो कायमचा गप्प केला.
कोळी अजून सहा महिने तिथेच बसेल, हाड धरेपर्यंत.
किल्ली परत घेतली नाही त्यांनी.

काल दाट धुकं होतं, बंदर बंद.
केबिनमध्ये बसून होतो, खाली काही दिसत नव्हतं.
खिशात अंगठा आणि तर्जनी
आपल्याआपण फिरत होती,
पाव, फक्त पाव,
आणि थांबत होती.