ताई भोजनालय

पाटीवरची चूक पेंटरने स्वतःच सुधारली.
कागदावर 'थाई' होतं, त्याने रंगवलं 'ताई',
वर जास्वंदीचं फूल काढलं, फुकटात.
आता शिरपूर डेपोत कुणालाही विचारा,
ताईचं हॉटेल कुठं?
हात आपोआप रसवंतीच्या मागे जातो.

चार टेबलं. एक लंगडं, त्याच्या पायाखाली
घडी घालून आमचंच जुनं वेळापत्रक.
भात-रस्सा नव्वद, मासा असेल तर एकशे तीस.
पाण्याचा जग गार,
मे महिन्यात तो ती स्वतःच्या हाताने आणते.

मी गुहागरचा. बदलीवर आलो,
अकरा महिने शेवभाजी खाल्ली.
वाईट नाही. पण भाकरीने तर्री पुसताना
बोटं रोज काहीतरी पांढरं शोधायची.
ओला नारळ इथे देवळात फुटतो.
स्वयंपाकात येतं ते सुकं खोबरं,
तेही काळ्या मसाल्यासाठी जाळून.

पहिल्यांदा ती वाटी समोर आली
तेव्हा मी चमचा खाली ठेवला.
ओल्या नारळाचा रस, त्यात तापीचा मासा,
गाठ मारलेली गवती चहाची पात,
आमच्याकडे तापात उकळतात ती,
तेलाच्या डब्यात वाढवलेला सब्जा, चिंच,
वरून शेंगदाण्याचा कूट.
कूट बघून म्हटलं, हां, खानदेश आला.
मग मिरची आली,
मग काहीच म्हणता आलं नाही.

"बठा भाऊ, बठा. तिखं व्हयनं का?"

मला अहिराणी येत नव्हती.
तिला मराठी येत नव्हती.
अहिराणी येत होती: सासूची, निंदणीतली,
शिव्यांसकट.
आमच्यात परका कोण, हे ठरवायला
गल्ल्यावरून भटू माळी उठून आला.

भटू फुकेतला भांडी घासायला गेला होता,
सात वर्षांनी हिला घेऊन परतला.
हिचं नाव माली. तिकडे मोगऱ्याला म्हणतात.
लग्नानंतर माली माळी.
रेशनच्या कारकुनाने एक खोडलं,
दोनदा आलंय म्हणाला.

एकदा लाइट गेली. पंखा थांबला.
ती उंबऱ्यात पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली.
विचारलं, दर्या आठवतो का?
"तठे पानीज पानी," म्हणाली. "आठे आभाय से.
गह्यरं से."
आणि भांडी घासायला निघून गेली.
मी वर बघितलं. कंडक्टरची मान
पैसे मोजून मोजून खाली वळलेली असते.

परवा मंगळवारी धुळ्याहून येताना
ती माझ्याच गाडीत चढली,
पोत्यात चाळीस नारळ.
नियम तो नियम. मी लगेजचं तिकीट फाडलं,
अख्ख्या गाडीने बघितलं.
तीही काही बोलली नाही, खिडकीकडे तोंड.

सावळद्याच्या पुलावर गाडी उधळली,
पोत्यात नारळ एकमेकांवर आपटले:
भरतीला शेजारी बांधलेल्या होड्या आपटतात,
तसे, अगदी तसे.
मी मशीनवरून मान उचलली.
तिनेही तेव्हाच पोत्याकडे बघितलं होतं.
पूल संपला, पुढे केळीच केळी.

त्या रात्री वाटीत मासा होता,
मी मागितला नव्हता.
बिलावर लिहिलेलं: भात-रस्सा नव्वद.
खाली, शिरोरेघ न देता, गोल गोल अक्षरांत,
पोतं तेवीस.

सुटे मोजून दिले.
कंडक्टरकडे सुटे असतातच.