अकरा सेकंद

आधी केपचं बोलू.
पहिल्या सीझनला ताम्राची केप सुती होती,
जाड, बहुतेक दहाचं सूत.
ती वळली की केप अर्धा क्षण उशिरा वळायची,
खरं कापड वळतं तशी.
आता कंप्युटरात विणतात.
वारा नसला तरी फडफडते,
भिजली तरी जड होत नाही.
अठ्ठावीस वर्षं मी जकार्डचे पत्ते पंच करतोय, साखर पेठेत.
भोक म्हणजे हो. भोक नाही म्हणजे नाही.
एवढ्यातूनच चादरीवर मोर उठतो.
मला यंत्राचं कौतुक सांगू नका.

बसलिंग म्हणतो, यमूलमामा,
कापड काय बघताय, गोष्ट बघा की.
गोष्टच बघतोय बे.

गोष्ट अशी होती की ताम्राला वेळ थांबवता येते.
दिवसातून एकदाच, अकरा सेकंद.
अकरा! किती अचूक आकडा काढला होता लेकानं.
माग थांबवून
अकरा सेकंदांत मी तीन तुटलेले धागे जोडतो.
चौथा राहतो.
त्या चौथ्या धाग्याची गोष्ट होती ती, पहिल्या सीझनभर.
मग दुसऱ्यात तिला मिनिट दिलं,
तिसऱ्यात तास,
शेवटी अख्खी पृथ्वीच थांबवते, चिमटीत धरून.
आता तिचं काय चुकणार?
आणि चुकणार नसेल तर मी रात्रीची झोप का मोडू?

सातवा भाग लोकांना आवडला नाही.
ताम्रा लिफ्टमध्ये अडकते,
सोबत एक रिटायर होणारा कारकून, हातात डबा.
कुणी कुणाला वाचवत नाही.
ती वेळ थांबवते आणि अकरा सेकंद रडून घेते.
वेळ सुरू होते तेव्हा चेहरा कोरडा,
रुमाल तेवढा ओला.
कारकून रुमालाकडे बघतो
आणि डबा उघडून पुढे करतो.
बसलिंग म्हणाला, भरतीचा भाग आहे मामा, पुढे ढकला.
भरतीचा?
बाणा भरतीचाच असतो बे.
तो काढ, आणि मग दाखव मला चादर.

परग्रहवाल्यांवर मी फार बोलत नाही.
समुद्रकाठच्या काचेच्या शहरातच उतरतात नेहमी.
एकदा मे महिन्यात, दुपारी दोनला,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत उतरा म्हणावं.
यान तिथंच ठेवून सावली शोधतील.

पण तिसऱ्या सीझनला भाऊ परत आणला,
ते मी माफ करणार नाही.
दुसऱ्यात मेला होता. आम्ही बघितला होता मेलेला.
आणला दुसऱ्या विश्वातून,
नट तोच, फक्त भांग उजवीकडे.
मी फोन पालथा घातला. म्हटलं, ही फसवणूक आहे.
भूदेवी विड्या वळत बसली होती,
मान वर न करता म्हणाली,
आला तर येऊ दे की.
तिचा धाकटा भाऊ भिवंडीला गेला
त्याला एकोणीस वर्षं झाली.
मी फोन सुलटा केला,
आवाज थोडा वाढवला,
आणि तो भाग शेवटपर्यंत बघितला.
वाईटच होता. तरी बघितला.

शेवटचा भाग लागला त्या रात्री चौथा दिवस होता पाण्याचा.
दोन वाजून दहा मिनिटांनी नळ आला.
नऊ मिनिटं उरली होती.
ताम्राचा हात वर, बोटं मिटत आलेली,
तशीच थांबवून ठेवली फळीवर.
मी टाकी, दोन पिंपं, घागरी,
शेजारच्या चिलवेरीबाईंची बादली.
अंगावरून पाणी निथळत होतं,
आणि फळीवर ती थांबलेली, उजेड तोंडावर घेऊन.
तिला कधी कुणी थांबवलं नव्हतं.
मी थांबवलं होतं.

ती नऊ मिनिटं अजून बघितली नाहीत.
बसलिंग सांगायला तोंड उघडतो,
मी पंचिंगचं मशीन चालू करतो.

चौथा सीझन येतोय म्हणतात.
येऊ दे.
केप बघू आधी.