साकु

कडोलीच्या रताळ्यांचा कीस रात्रभर निवळत ठेवला
की तळाशी जो पांढरा गाळ बसतो, तो.
पाच ग्रॅम. शंभर मिली पाणी.
सत्तरच्या पुढं पारा गेला की दुधासारखं पाणी
एकाएकी काचेसारखं होतं, ढवळणारा हात जड होतो.

पहिली फिल्म नुसतीच ओतली, काही न घालता.
दुसऱ्या दिवशी ताटलीतून सोडवताना
भाजल्या पापडासारखी तडकली.
वहीत आठवडाभर एकच शब्द : ठिसूळ.

मारुतेप्पा म्हणाला, ग्लिसरीन घाला की मॅडम,
थंडीत आम्ही टाचांना लावतो.
उद्यमबागेतल्या या कॉलेजात तो बावीस वर्षं
बीकर विसळतोय.
मी पिपेटमधून थेंब सोडत होते, तो बघत होता.
साकु, म्हणाला. साकु, साकु.
(पुरे म्हणायला आमच्या घरातही
हाच शब्द आधी येतो तोंडात.)
मी थांबले नाही.

पन्नास टक्क्यांची फिल्म बोटाला चिकटली,
ओढली तशी लांबत गेली, लांबतच गेली,
यंत्राच्या चिमट्यात धरायला तिच्यात जीवच नव्हता.

स्टार्चच्या साखळ्या दाटीनं बसलेल्या असतात.
ग्लिसरीन मध्ये शिरतं,
जरा सरकून घ्या म्हणतं, एवढंच.
सरकतात. फार सरकल्या की
एकमेकींना धरायचं विसरतात.

मग लिंबाचं आम्ल, गाठी मारायला.
मग खानापूरहून मामानं पाठवलेली माती,
कौलांच्या कारखान्यामागची, सात वेळा गाळून :
दोन चिमट्या घातल्या तर बाष्पाला वाट सापडत नाही,
चौथी घातली की गुठळ्या, आणि गुठळीपाशीच चीर.

जुलैत आमच्या गावात मीठ बरणीत रडतं,
फिल्म काय टिकणार.
मधमाश्यांचं मेण लावून एक पिशवी केली
आणि खडेबाजारात बोरव्वाला दिली, मेथीसाठी.
तिनं नेहमीसारखं जुडीवर पाणी शिंपडलं.
दुपारी मी गेले तेव्हा पिशवीचा तळ
तिच्या मांडीवर, मेथी रस्त्यावर.
"ही तुजी पिशवी लाजूलालीया गं पाण्याला,"
म्हणाली, आणि हसता हसता
उरलेला तुकडा शेजारच्या शेळीपुढं टाकला.
शेळीनं खाल्ला.
हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

चार महिने, त्रेसष्ट ताटल्या.
सगळे आलेख शेवटी एका जागी येऊन टेकले : तीस टक्के.
पाच ग्रॅमला सव्वा मिलीला थोडं कमी.

संध्याकाळी पहिल्या दिवसाचं पान काढलं.
पिपेटच्या रेघा मी तेव्हा सवयीनं टिपल्या होत्या,
आणि समासात, कंटाळून, त्याचा शब्दही.
एक पूर्णांक दोन.
तिथंच.

मारुतेप्पा दिवे मालवत होता.
मी काही सांगितलं नाही त्याला,
फक्त उद्याची बाटली
त्याच्या हाताशी ठेवून आले.