तीन स्कूटर, आठ माणसं

पोट्टा पाहायचा तर सावजीत पाहावा,
हे धनराजकाकाचं मत.
पत्रिका राहू द्या, पगार राहू द्या,
त्याले मटणासमोर बसवा.
नाक वाहायला लागलं
की माणूस खोटं बोलत नाही.

म्हणून रविवारी रात्री
तीन स्कूटरवर आठ माणसं.
काकू मधे दाबलेली, गुड्डी पुढे पायदानावर उभी,
चौकात पोलीस दिसला की सगळ्यांचे चेहरे पलीकडे.
आणि कांचनताईच्या मागे
इचलकरंजीचा श्रेयस तारळेकर,
हात कुठं ठेवावेत ते न कळून
स्वतःच्याच गुडघ्यांवर ठेवलेले.

"आमच्याकडं पण तिखट असतंय,"
तो दुपारी म्हणाला होता.
आईनं माझ्याकडे पाहिलं.
मी बडीशेप चघळत राहिलो.

गोळीबार चौकातून आत वळलं
की पाटी वाचावी लागत नाही, नाक नेतं.
सहा टेबलं. एक कुरकुरता पंखा.
बेसिनवर नखाएवढी उरलेली साबणवडी.
आणि गोपीचंद,
मी डबा घेऊन रस्सा न्यायला यायचो तेव्हापासून
मला "काय बे छोटू" म्हणणारा.
मी आता बत्तीस वर्षांचा आहे.

ऑर्डर काकानं दिली, कुणालाही न विचारता:
चार मटण, एक खिमा, एक खूर,
काकू खात नाही, तिला पाटोडी,
"अन् भाकरी येऊ देत राय."
आई पाण्याच्या निमित्तानं उठली,
गोपीचंदशी दोन शब्द बोलून
पदर सारखा करत परत आली.

रस्सा आला.
काळा. वर तेलाचा लाल थर,
त्यात ट्यूबलाइट वाकडी दिसत होती.

श्रेयसनं भाकरी मोडली, बुडवली.
पहिला घास. काही नाही.
दुसऱ्याला तो हसला.
तिसऱ्याला कान पेटले,
चौथ्याला तो आपलं गाव विसरला.
कांदा, पाणी, पुन्हा कांदा,
डोळ्यांतून धारा,
पण ताट सोडेना.

ताईनं आपल्या ताटातलं लिंबू उचललं
आणि त्याच्या वाटीत पिळलं,
बी बोटानं बाजूला काढून,
त्याच्याकडे न बघता,
दहा वर्षं हेच करत असल्यासारखं.

बाबांनी ते पाहिलं.

मग बाबा रुमाल शोधू लागले. नव्हता.
बाहीनंच डोळे पुसले.
"आज मसाला जबर आहे हो," म्हणाले.
"हाव ना," काका म्हणाला, "भिवापुरी असन."

आणि भाकऱ्यांची चळत घेऊन आलेला गोपीचंद,
प्रामाणिक माणूस,
जागीच थांबला.
"तुमाले कसा तिखट लागला, काका?
वहिनीनं सांगतलं दोन स्टेंट हायेत म्हणून.
तुमाले तर मी फिका देल्ला, तर्री काढून."

पंखा कुरकुरला.
काकानं नळी ओढली, गरजेपेक्षा मोठ्यानं.
"मंग मोठेबाबा रडून कायले रायले?" गुड्डी म्हणाली,
तिच्या तोंडात काकूनं पाटोडी कोंबली.
ताई खाली ताटात बघत बसली.
ताटात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेव्हा श्रेयस,
नाक लाल, ओठ सुजलेले,
आपली वाटी पुढे सरकवत म्हणाला,
"ह्यातला घ्या थोडा. मला संपणार नाही हे."

बाबांनी आईकडे पाहिलं.
आईनं पंख्याकडे.
"एकच घास," ती पंख्याला म्हणाली.

बाबांनी घेतला, तर्रीसकट,
आणि मग त्यांना
मोकळेपणी डोळे पुसता आले.

बिलावरून नेहमीची झटापट झाली,
शर्टाचं एक बटण गेलं, काका जिंकला.
गांधीसागरच्या कठड्यावर कुल्फी,
बाबांना ताईच्या कुल्फीचा एक चावा.
परतताना श्रेयस बाबांच्या मागे बसला,
बाबा त्याला रस्ताभर
बंद पडलेल्या गिरण्या दाखवत होते, अंधारात.

खूर उरला होता, तो बांधून घेतला.
सकाळी फ्रिजमध्ये डबा रिकामा होता, धुतलेला.
घरात अजून कुणी कबूल झालेलं नाही.