अकरा सेकंद

रामबागेच्या वळणावर आमच्या कंपाउंडची भिंत,
भिंतीवर फळा, चार फूट बाय तीन.
एकोणीस वर्षं मी त्यावर रोज लिहीत आलेय:
नळ किती वाजता येणार, कोण गेलं,
कुणाची किल्ली सापडली,
आणि खाली एक शब्द, अर्थासकट,
कारण इथली पोरं किल्लीला चाबी म्हणतात.
मीसुद्धा, रागावले की.

खडूचा खर्च कधी धरला नाही.
पण यंदा भिंतीला ओल चढली,
मिस्त्रीनं बोट लावलं तर प्लास्टर
पापडासारखं हातात आलं.
अठ्ठावीस हजार, म्हणाला.
त्या संध्याकाळी पहिल्यांदा टेप घेऊन
फळ्याच्या दोन्ही अंगांची जागा मोजली:
डावीकडे सहा फूट, उजवीकडे साडेसात.

बाकलीवाल गाडीतून आले, उतरले नाहीत.
काच अर्धी खाली. “दिवसाला दहा हजार डोळे पाहिजेत, आंटी,
त्याखाली आमची कंपनी भिंत घेतच नाही.”
मी मनात मोजलं. आमच्या गल्लीत
मोतीबिंदूवाले धरूनही तेवढे भरत नव्हते.

चौकसेंना सगळंच चालत होतं.
एक कागद, खाली सही, पैसे नव्वद दिवसांनी.
“पण लागेल काय?” विचारलं, तर हसले.
“जे येईल ते. आज गुटखा, उद्या कोचिंग,
परवा वशीकरणवाले बाबा. तुम्हाला भाड्याशी मतलब.”
मला लख्ख दिसलं:
‘खांडेपारकर सरांचं काल रात्री निधन’
आणि त्याला खेटून, गुलाबी अक्षरांत,
सात दिवसांत प्रेम परत.

भाविका लालवानी घडीचं स्टूल घेऊन आली.
दोन दिवस समोरच्या कडुनिंबाखाली बसली,
मांडीवर वही. मी ताक पाठवलं, ते प्यायली,
मान मात्र वर केली नाही.
तिसऱ्या दिवशी वही माझ्यापुढे धरली:
साडेसातला कचरागाडी येते, गाणं वाजतं,
बादल्या घेऊन बाहेर आलेली माणसं तेवढ्यात फळा वाचतात.
दोनशे चौदा. सरासरी अकरा सेकंद.
एक जण चार मिनिटं थांबतो, पण वाचत नाही,
शाळेच्या बसची वाट बघतो.
एक बाई पोराला मोठ्यानं वाचायला लावते,
शब्दाचा अर्थ दोनदा.

शंभरात तीस तिचे.
निगमची परवानगी, रंग, दिवा,
जाहिरातवाल्यांशी भांडणं, सगळं तिच्याकडे.
मी फक्त लिहायचं.
वर्षाचा करार, सोडायचं तर महिनाभर आधी सांगायचं.
तीस जास्त होतात, मी म्हटलं.
“हो, जास्तच आहेत,” ती म्हणाली,
आणि पेनाचं टोपण काढून विचारलं,
“या भिंतीवर काय नको?”

हे मला कुणी विचारलंच नव्हतं.
सांगता सांगता माझा आवाज चढत गेला.
गुटखा नको, बाबा नको, गोरं करणारं क्रीम नको,
फळ्याच्या वर काहीच नको,
आणि कुणी गेलं त्या रात्री दिवा बंद.
इथे तिचं पेन थांबलं.
“त्या दिवसाचे पैसे कापतील.”
कापू देत.

आता डावीकडे चष्म्याचं दुकान, उजवीकडे गिरणीचा आटा.
भिंत कोरडी आहे. हिशोब दहा तारखेला येतो,
पैसा-पैशासकट.
पण सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की
मी पडद्याआड उभी राहते, ओठांनी मोजते.
कोण वाचतं ते आधी कधी बघितलं नव्हतं.
काल एकशे नव्वद.
आज शब्द सोपा घ्यावा की अवघड,
खडू हातात धरून
फळ्यासमोर बराच वेळ उभी होते.
अकराच्या वर नक्की.