लाल चिठ्ठी

उणे चौतीस. प्रिन्स अल्बर्टची टोकाची गल्ली.
ओरेस्त ह्रित्सुकने दार उघडलं
तेव्हा त्याच्या कपाळाला ओला टॉवेल होता.
चाळीस वर्षं गव्हाच्या गाड्या तोललेला माणूस.
"तीन आठवडे दुखतंय," म्हणाला, "वय झालं, दुसरं काय.
तू भट्टी बघ. कण्हते."

तळघरात भट्टीला खेटून
वर्तमानपत्रांची थप्पी, रंगाचे अर्धे डबे,
वाळत घातलेली लोकरी बंडी.
काही बोलले नाही. आधी हातभर जागा केली.
मग फिल्टर ओढला:
कांबळ्याच्या तुकड्यासारखा जाड, करडा.
किती महिने हे घर
तोंडावर उशी घेऊन श्वास घेत होतं.

झाकण काढून गुडघ्यांवर बसले.
ज्योत बघायची तर तिच्या उंचीला यावं लागतं.
चारही निळ्या. चारही ताठ.
मग पंखा सुरू झाला
आणि तिसरी वाकली,
पिवळी पडली, कडेने बाहेर डोकावली,
जशी पलीकडून कुणी फुंकर घातली.
पलीकडून फुंकर येते
म्हणजे मधल्या पत्र्याला तडा आहे.

माझ्या पट्ट्यावरचं यंत्र किंचाळलं.

"कोट घाला. मांजर घ्या. माझ्या व्हॅनमध्ये बसा. आत्ता."
जिना चढताना वर पाहिलं:
छताला पांढरी वाटी, पोट रिकामं.
"रात्री ओरडायचं ते," तो म्हणाला,
"सेल काढून टीव्हीच्या रिमोटात घातले."

गॅसला वास असतो,
मुद्दाम घातलेला, नासक्या अंड्याचा.
त्याच्यापासून माणूस पळतो.
ह्याला वास नाही, रंग नाही.
हा घरचाच होऊन शेजारच्या खुर्चीत बसतो
आणि हळूच
तुमचं डोकं चेपायला लागतो.

बंबवाले आले, त्याच्या तोंडाला मास्क लावला.
घर वाऱ्यावर उघडं टाकलं,
आकडा शून्यावर आल्यावरच मी परत उतरले.
पिवळी दांडी फिरवली.
नळीच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद.
आडवी केली.
तारेने लाल चिठ्ठी बांधली: तारीख, सही.
बोटं पेनाला चिकटत होती.

मास्क सारून तो ओरडला,
"ह्या थंडीत आग विझवते ही पोरगी!
माझ्या आज्याने पहिला हिवाळा
जमिनीत खड्डा खणून काढला, वर गवताची ढेकळं.
त्याची चूल नाही कुणी विझवली!"

तेव्हा सुचलं नाही.
परतताना, बर्फात चाकं चाचपडत असताना सुचलं:
त्या खड्ड्याला चहूबाजूंनी फटी होत्या, ओरेस्त.
तुझा आजा गारठला, पण वाऱ्याने त्याला राखला.
तुम्ही तर दोन वर्षांपूर्वी
प्रत्येक फट फोम भरून बुजवलीत
आणि पावती मला कौतुकाने दाखवलीत.

त्या रात्री शेजारच्या इवेट लारिव्हिएरने
त्याला नेलं, मांजरालाही.
मी नळ दोऱ्याएवढे सोडून ठेवले,
पाइप फुटू नयेत म्हणून.
आणि जाताना रिमोटातले सेल काढले.

मार्चमध्ये फोन.
नाव नाही, गाव नाही.
"नव्या फिल्टरवर बाण आहे. तोंड कुणीकडे?"
"भट्टीकडे. वारा जातो तिकडे."
पुठ्ठा सरकल्याची खरखर.
मग पत्र्यावर पेन्सिल:
तारीख लिहीत असावा.

"आवाजच करत नाही ही," तक्रारीच्या सुरात,
"जागी आहे की झोपली, कळत नाही."

"आणि छतावरचं?"

"ते ओरडतं. दर सोमवारी बटण दाबतो.
मांजर पलंगाखाली जातं.
दुपारपर्यंत बाहेर येत नाही."