सोनापूर, शुक्रवार

आमच्याकडे सोनापूर म्हणजे मसणवटा,
म्हणतात टिपणीस डॉक्टर.
दुबईच्या या सोनापुरात कामगार राहतात,
एका खोलीत बारा.
जुम्म्याची नमाज सुटली की
प्लास्टिकच्या खुर्चीत एकेक जबडा उघडतो.
मी बॅटरी धरतो.
नसवार, गोडमिट्ट चहा, सिमेंटची धूळ.
ते आरसा फिरवून आकडा सांगतात,
मी वहीत लिहितो.

लढाईतही वही होती,
एवढंच एकदा बोलले.
बर्फातून खाली आणलेली पोरं
चेहऱ्यानं ओळखू येत नव्हती.
ओठ बाजूला सारून दात मोजायचे,
वहीशी ताडायचे,
मग नाव.

आज गुजराणवाल्याचा गवंडी.
बाप फौजी होता, म्हणाला,
डोंगरावरून आलाच नाही.
डॉक्टरांचा हात सुईसकट थबकला.
कुठला डोंगर, विचारलं नाही.
भूल दिली, नेहमीपेक्षा सावकाश,
घाम पुसला, स्वतःचा आधी,
आणि दाढ काढली.

कापूस चावत, अर्ध्या बधिर तोंडानं
पोरगा हसला.
"दात काढू नकोस,"
डॉक्टर मराठीतच म्हणाले,
"रक्त थांबू दे."